पदराचं टोक

"टीचर, ओ टीचर! सकाळी फोनवर कुणाला ओरडत होता? ‘पुसू दिलंस? आणि गप्प बसलीस?’ एवढंच आलं कानावर. पुढचं ऐकायला म्हणून बाहेर येते तर मेल्या कुकरची शिट्टी झाली."

वहिनींचं हे एक बरं आहे. अर्धं ऐकलं की उरलेलं मागायला त्या सरळ कुंपणाशी येतात. स्वतःच्या मनाने भर घालत नाहीत. आमच्या दोघींच्या वाड्यांमध्ये पूर्वी मेंदीचं कुंपण होतं. आता कमरेएवढी भिंत आहे आणि तिच्यावरून त्यांची जास्वंद आमच्याकडे वाकलेली असते. घरात आम्ही कादोडी बोलतो, त्यांच्याकडे वाडवळी. भिंतीपाशी मात्र दोघींची शाळेतली मराठी सुरू होते, कारण 36 वर्षं मी मराठी शिकवली आणि वहिनींचा थोरला माझ्याच वर्गातून गेला. मला अख्खी आळी टीचर म्हणते. माझं नाव आता फक्त रेशनकार्डावर.

"धाकटीला ओरडत होते," मी म्हटलं. "गाडीत तिची राख पुसली कुणी तरी."

"राख? कसली राख?"

तर ही गोष्ट 18 फेब्रुवारीची, आमच्या राखेच्या बुधवारची. त्या दिवशी आमचा उपवासकाळ सुरू होतो, तो थेट ईस्टरपर्यंत. धाकटी सकाळी सहाच्या मिस्साला गेली. फादरांनी बोट राखेत बुडवून तिच्या कपाळावर क्रूस काढला, मातीची आहेस, मातीतच जाशील अशा अर्थाचं काहीसं म्हटलं, आणि ती तशीच स्टेशनवर धावली. ऑफिस अंधेरीला. विरारहून भरून आलेली लोकल वसईला कशी मिळते ते मी वसईकरांना सांगायला नको. लटकत लटकत आत गेली, भाईंदरपर्यंत दोन पाय टेकवायला जागा झाली. समोर तिसऱ्या सीटवर एक साठीच्या बाई, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. त्यांनी हिच्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग स्वतःच्या पदराचं टोक ओठांशी नेऊन ओलं केलं, हिची हनुवटी धरून मान खाली वाकवली आणि म्हणाल्या, ‘पोरी, आरशात न बघता निघालीस का गं? काजळ लागलंय कपाळाला.’ आणि दोन फटक्यांत कपाळ स्वच्छ!

वहिनी इतक्या हसल्या की हातातल्या सुपातले तांदूळ सांडले. मग एकदम थांबल्या. "आणि ही काय म्हणाली?"

"थँक्यू म्हणाली."

"अगं बाई."

"म्हणून तर ओरडले ना! एवढी शिकलेली मुलगी. ‘मावशी, काजळ नाही, राख आहे, आज आमचा राखेचा बुधवार’ एवढं म्हणायला काय लागतं? आठ-नऊ शब्द. त्याच्या ऐवजी थँक्यू!"

"त्या बाईने माया केली हो टीचर. मायेला काय उलट उत्तर द्यायचं?"

इथेच माझी जीभ अडखळली, कारण मलाही सकाळपासून तेच टोचत होतं. पण कुंपणावर लगेच हार मानायची नसते.

"आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया माहीत आहे ना तुम्हाला?"

"हो तर. त्याच्याच नावाच्या कॉलेजात धाकटा जात होता."

"जात होता, पण तो कोण हे विचारलंत कधी त्याला? वसईचा मुलगा. लहान वयात जपानला गेला, तिथली भाषा अस्खलित शिकला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. फादर नव्हे, साधा ब्रदर, आणि बाकीच्यांचा दुभाषी. जपानला परतल्यावर तिथल्या सत्ताधीशाने, हिदेयोशीने, या लोकांना पकडलं. क्योतोत त्यांचे डावे कान कापले. मग ऐन थंडीत तिथून नागासाकीपर्यंत चालवत नेलं, गावोगावी लोकांना दाखवत. 5 फेब्रुवारी 1597 ला तिथल्या टेकडीवर 26 जणांना क्रुसावर चढवलं. त्यातला एक आपला वसईचा. 1862 साली त्याला संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेला पहिला संत. आणि आमची ही! हिचा कान कुणी कापत नव्हतं."

वहिनी जास्वंदीची वाळकी पानं खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "नव्हतं ना? तेच म्हणते मी. कुणी तलवार काढली असती तर तुमची पोर बोलली असती. मी लहानपणापासून बघते तिला. बसच्या कंडक्टरशी आठ आण्यांवरून भांडलेली आहे ती. पण समोर पदराचं टोक होतं, टीचर. पदराशी कसं भांडायचं?"

मी गप्प. 36 वर्षं निबंध तपासले, पण असं वाक्य एकाही वहीत आलं नव्हतं. छळ करणारा समोर असला की माणूस ताठ होतो. मायेने हनुवटी धरली की मानच वाकते आणि त्यातच कपाळ पुसलं जातं. गोन्सालोला दुभाषी म्हणून दोन भाषा येत होत्या. या प्रसंगाची भाषा त्यालाही आली असती की नाही, कोण जाणे.

"पण मला एक सांगा," वहिनींनी सूप भिंतीवर टेकवलं. म्हणजे आता बैठक लांबणार. "परवा रविवारी महाशिवरात्र झाली. मी तुंगारेश्वरला गेले होते. रांगेत अडीच तास. भस्म लावून घेतलं, तेच घेऊन रिक्षात बसले, तेच घेऊन बाजारात गेले, गाजरं घेतली. मला कुणी ‘वहिनी, कपाळाला राख लागलीय’ म्हटलं नाही."

"कारण तुमच्या तीन आडव्या रेघा सगळ्यांना वाचता येतात. आमची एक उभी एक आडवी. त्यातली उभी घामाने ओघळली की झालं काजळ."

"मग फादरांना सांगा, जरा ठळक काढा."

"तुम्हीच सांगा. आणि अजून गंमत ऐका. ज्या मिस्सात ही राख लावतात ना, त्याच मिस्सात शुभवर्तमान कोणतं वाचतात ठाऊक आहे? मत्तयचा सहावा अध्याय. येशू म्हणतो, उपास करताना तोंड पाडून लोकांना दाखवत हिंडू नका. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, प्रार्थना दार लावून खोलीत करा. हे ऐकायचं, आणि पाच मिनिटांनी कपाळ काळं करून घेऊन बाहेर पडायचं!"

"म्हणजे त्या गाडीतल्या बाईने शास्त्राप्रमाणेच केलं!"

आता हसायची पाळी माझी. खरंच, तोंड धुवायला सांगितलंय आणि त्या बाईने धुऊन दिलं. पण लगेच चार अध्याय पुढे, दहाव्यात, तोच मत्तय सांगतो की जो मला माणसांसमोर आपला म्हणेल, त्याला मी स्वर्गातल्या बापासमोर आपला म्हणेन. नाकारेल, त्याला नाकारेन. एकाच पुस्तकात दोन्ही. लपवायचंही नाही, मिरवायचंही नाही. मधली वाट केवढी अरुंद आहे ते विरार लोकलमध्ये उभं राहिल्यावर कळतं.

"मिरवण्यावरून आठवलं," वहिनींनी आवाज खाली आणला, म्हणजे खरी गप्प आता आली. "तो कोपऱ्यावरचा, नवी गाडी घेतलेला. मागच्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत येशूचं नाव. काल रिक्षावाल्याशी घासलं त्याचं. टीचर, काय शिव्या! आईपासून सुरुवात. मी भाजी घेत होते, मला वाचायला येतंच होतं ना मागच्या काचेवर. म्हटलं, देवा, तू काचेवर बसलायस, आतला कोण आहे?"

"आणि तुमच्या थोरल्याच्या बुलेटवर महाकाल लिहिलंय, तो सिग्नल तोडून गेला परवा. मी पाहिलं."

"तो महाकालाच्याच भेटीला निघालाय," वहिनी शांतपणे म्हणाल्या. आमची अशी फिटंफाट होते, म्हणूनच शेजार टिकला आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर स्टिकर ही विश्वासाची सगळ्यात स्वस्त जागा. त्याला उत्तर द्यावं लागत नाही. स्टिकरला कुणी ‘काय गं, हे काय लागलंय?’ असं विचारत नाही, आणि विचारलं तर मालक गाडीत नसतो.

"पण टीचर, तुम्हाला तर कधी लपवावं लागलं नसेल. तुम्ही कशा खणखणीत."

हे वहिनींनी सहज म्हटलं. मी सांगणार नव्हते. तीस वर्षांच्या शेजारात सांगितलं नव्हतं. पण उपवासकाळाचा पहिला दिवस, पोटात सकाळपासून एक पेज, आणि सकाळी पोरीला नको तेवढं बोललेली. निघून गेलं तोंडातून.

1982 साली मी डीएडला पुण्याला होते. एका वाड्यात खोली घेतली. घरमालकीण काकूंनी गाव विचारलं, वसई म्हटलं. नाव विचारलं, नाव सांगितलं. आमच्या पिढीत मराठी नावंही ठेवत, माझं तसंच आहे. आडनाव विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माझी मराठी ऐकून त्या खूश. आमच्या लोकांना अजून कुणी कुणी विचारतं, ‘तुमची मराठी किती छान, कुठे शिकलात?’ अहो, आईच्या मांडीवर शिकलो, आणखी कुठे? आमच्याच समाजातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या 93व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2020 साली, तेव्हासुद्धा काहींना प्रश्न पडलाच की पाद्र्याला अध्यक्षपद कशाला. ज्या माणसाने आयुष्य मराठीत लिहिलं, बायबल सोप्या मराठीत आणलं, भाषणाला उभा राहिला की ज्याच्या तोंडी ज्ञानोबा-तुकाराम यायचे! त्यांनी ना झगा लपवला ना मराठी. असो. मी पुण्याचं सांगत होते.

पहिल्या आठवड्यात सांगायचं राहिलं. दुसऱ्या आठवड्यात सांगायला लाज वाटली, की पहिल्या आठवड्यात का नाही सांगितलं. तिसऱ्यात काकूंनी चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठेवलं आणि मला पन्हं वाटायला उभं केलं. मग संपलंच. गळ्यातला क्रूस मी ब्लाऊजच्या आत सरकवला. रविवारी ‘मैत्रिणीकडे जाते’ म्हणून निघायचं आणि कॅम्पातल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचं. दोन वर्षं. काकू मला कधी वाकडं बोलल्या नाहीत. कळलं असतं तर बोलल्या असत्या का? मला ठाऊक नाही, कारण मी त्यांना संधीच दिली नाही. निघताना त्यांनी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मी घेतली. पायाही पडले.

"खणाचं काय केलंत?"

बघा, वहिनींनी बरोबर तेवढंच विचारलं.

"कपाटात आहे. हिरवा, जांभळ्या काठाचा. शिवला नाही. टाकलाही नाही."

थोडा वेळ दोघी गप्प. वहिनींच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. सूनबाई कामाला लागली होती. मग वहिनींनी माझी गाडी रुळावर आणली. "त्या टिळकांचं बरं होतं, नाही? त्यांनी एकदा जाहीर केलं ते केलं."

वहिनींना टिळक म्हटलं की लोकमान्य आठवतात असं मला उगीच वाटत होतं. पण आमच्या शाळेच्या वाचनालयातून मी त्यांना एकदा लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ नेऊन दिलं होतं. चार महिने परत केलं नाही.

"बरं कसलं? तुम्ही वाचलंय ना? 10 फेब्रुवारी 1895 ला नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी सांगितलं नाही. लक्ष्मीबाईंवर काय ओढवलं! नवरा जिवंत आणि जवळजवळ पाच वर्षं दोघं वेगळी. नातेवाईक धाय मोकलून रडतायत. पुढे त्याही आल्या, त्या नवऱ्याच्या मागून फरफटत नाही, स्वतःच्या पायांनी, स्वतःचा विचार करून. पण टिळकांनी जे सगळ्या जगासमोर म्हटलं, ते घरात म्हणायला त्यांनाही जड गेलंच की. पारध्याच्या हातून घायाळ झालेल्या पाखराची ती कविता लिहिणारा कवी, आणि घरातल्या पाखराचं काय?"

"माझ्या मनातलं बोललात," वहिनी म्हणाल्या. "मी ते पुस्तक परत का करत नव्हते माहितेय? तिथपर्यंत आले की मला टिळकांचा राग यायचा. मग राग गेल्यावर पुढचं वाचायचे."

तिकडे आमची गोष्ट वेगळी आहे हेही खरं. टिळकांनी निवडलं. आमच्या वाडवडिलांचं पोर्तुगीज काळात झालं. पोर्तुगिजांनी 1534 साली वसई घेतली आणि चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये सोडवली, मधल्या दोनशे वर्षांत आम्ही ख्रिस्ती झालो. त्यातल्या कुणी मनापासून, कुणी मनाविरुद्ध, त्याचा हिशेब आता कुणाच्या वहीत असणार? पोर्तुगीज गेले, आम्ही राहिलो. आडनावातच धर्म लिहिलेला. ते उच्चारलं की जाहीर झालं. म्हणून आमच्यात जो गप्प बसतो तो फक्त आडनाव गिळतो. एक परेरा, एक लोपीस, एक तुस्कानो. गिळायला छोटी असतात, पण घशात अडकतात. नागरिकशास्त्राच्या तासाला मीच मुलांना शिकवायचे, घटनेच्या 25व्या कलमाने धर्म मानायचा, आचरायचा आणि उघडपणे सांगायचाही हक्क दिला आहे. फळ्यावर लिहिताना हात थरथरला नाही कधी. पुण्याच्या काकूंच्या ओसरीवर मात्र कलम 25 आठवलं नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. धाकटी आली. माझ्याकडे न बघता आत निघाली होती, सकाळचं मनात होतंच. वहिनींनी अडवलं. "इकडे ये गं. वाक."

ती वाकली. वहिनींनी तिचे केस मागे सारले. केसांच्या मुळाशी, पदर पोचला नव्हता तिथे, करड्या रंगाची पुसट रेघ अजून होती. वहिनींनी बोट लावलं नाही. नुसतं निरखलं.

"ही राख कशाची असते गं?"

"मागच्या वर्षीच्या झावळ्यांची, वहिनी. झावळ्यांच्या रविवारी घरी नेतो ना, त्या वर्षभर तसबिरीमागे असतात. मग देवळात परत द्यायच्या. तिथे जाळून राख करतात." आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, बाहेरची माणसं चमकतात, वहिनी नाही.

"आणि मागच्या वर्षी फादरांना झावळ्या कुणी दिल्या होत्या?"

धाकटी थांबली. मीही. मागच्या एप्रिलमध्ये देवळाला झावळ्या कमी पडल्या, तेव्हा वहिनींनीच आपल्या विहिरीकडच्या माडाच्या उतरवून दिल्या होत्या. टेम्पोत चढवायला मीच होते.

"माझ्या माडाची राख!" वहिनी कडाडल्या. "आणि कुणीही पदर ओला करून पुसावी, आणि तू थँक्यू म्हणावंस?"

पोरगी इतक्या वेळाने हसली.

हे झालं बुधवारी. गुरुवारी काही विशेष नाही. आमच्याकडे पाणी आलं नाही, एवढंच. शुक्रवारी रात्री मीच कुंपणाशी गेले. हाक मारायची गरज पडली नाही, वहिनी उभ्याच होत्या.

"भेटली ना ती बाई? मला वाटलंच. विरारच्या बायका रोज त्याच डब्यात, त्याच सीटवर."

भेटली. धाकटीने तिला नालासोपारा जाताच गाठलं होतं... नाही, चुकले, नालासोपारा वसईच्या आधी येतं, नायगावला गाठलं. वहिनींना असा तपशील चुकलेला चालत नाही. तर नायगावला धाकटी म्हणाली, मावशी, परवा तुम्ही माझ्या कपाळावरचं पुसलंत ना, ते काजळ नव्हतं, राख होती. बाई घाबरल्या. कसली राख, कुणी करणी केली का? ही म्हणाली, नाही हो, आम्ही ख्रिस्ती. उपास सुरू झाला की देवळात कपाळाला लावतात. बाईंनी दोन्ही कान धरले. ‘अगं माझे आई! आणि मी उष्ट्या पदराने पुसलं! बोलली का नाहीस?’ शेजारच्या दोघी कान देऊन. चौथ्या सीटवरची म्हणाली, आमच्या ऑफिसातल्या एकीच्याही कपाळावर होतं त्या दिवशी, मला वाटलं पेनाची शाई. मग त्या डब्यात बोरिवलीपर्यंत उपासांवरच चर्चा. तुमचे किती दिवस, पाणी चालतं का, मासळी चालते का. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळी चालते, पण माझी आजी तीही बंद करायची, असं हिने सांगितलं. आजी आवडली सगळ्यांना. त्या बाईंचाही वैभवलक्ष्मीचा शुक्रवार होता. डब्यात साबुदाण्याची खिचडी. झाकणात काढून अर्धी हिला दिली.

"खाल्ली?"

"खाल्ली. मिरची जास्त होती म्हणे."

"चांगलं केलं पोरीने." वहिनी खूश झाल्या. मग डोळे बारीक केले. "पण तिने सुरुवात कशी केली, नेमके शब्द सांगा."

मी जरा घुटमळले. हे सांगायचं नव्हतं मला. पण वहिनींपासून काय लपतं?

"म्हणाली, ‘मावशी, ती राख होती, आमच्या शेजारच्या वहिनींच्या माडाची.’"

"म्हणजे येशूच्या आधी माझं नाव घेतलं?"

"घेतलं. मी त्यावरूनच बोलले तिला."

"तुम्ही काही बोलू नका तिला," वहिनी म्हणाल्या, आणि जास्वंदीच्या फांदीआडून मागे वळून विहिरीकडच्या माडाकडे मान उंच करून पाहिलं. "यंदा झावळ्यांचा रविवार कधी?"

"29 मार्चला."

"फादरांना आत्ताच विचारून ठेवा किती लागतील ते. माडावर चढणारा आयत्या वेळी भाव खातो."